गोल वाटेच्या मधोमध

साशंक : रतनवाडीतून पहाटे निघायचं, लोखंडी शिड्यांनी रतनगडावर चढायचं, कातळातल्या आरपार भोकात, म्हणजे नेढ्यात, बसून वारा खायचा, त्र्यंबक दरवाज्याच्या पायऱ्यांनी साम्रदच्या अंगाला उतरायचं आणि दिवेलागणीला पुन्हा रतनवाडीच्या अमृतेश्वरापाशी. दिवसभर पाय मोडून माणूस निघाला तिथेच. चढण्याला माझा आक्षेप नाही. कुणाला गडाचं वेड असतं, त्याने वर जावं, दरवाजे आणि टाकी पाहावीत, आल्या वाटेने उतरावं. साम्रदला काम असेल त्याने साम्रदला जावं. पण गावातून निघून त्याच गावात वेगळ्या बाजूने शिरायचं, यात नेमकं काय मिळवायचं असतं? तुम्ही लोक या फेरीचं वर्णन करता तेव्हा ‘चहूबाजूंचा नजारा’ याच्यापुढे तुमचं वाक्य जात नाही. अलंग, मदन, कुलंग दिसले, कळसूबाई दिसलं, खाली कोकण दिसलं. बरं, दिसलं. पुढे?

भटक्या : पुढे तेच डोंगर दुपारी दुसरीकडून दिसले. तुम्ही हसाल, पण सगळं त्यातच आहे. रतनवाडीतून पाहिलं तर रतनगड ही एक भिंत आहे, भंडारदऱ्याच्या पाण्याच्या टोकाला उभी. तिला पाठ असेल असं वाटतसुद्धा नाही. साम्रदकडून पाहिलं तर भिंत कुठेच नाही. तिथे खुट्ट्याचा सुळका आहे आणि त्याच्या शेजारी कुणी तरी वेगळाच डोंगर. दोन्ही एकच आहेत हे नकाशा सांगतो, पण ते पायांना कळावं लागतं. आल्या वाटेने उतरणाऱ्याला डोंगराची एकच बाजू माहीत होते, तीही दोनदा.

आणखी एक सांगतो, हे जरा मातीतलं आहे. हा सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरत गेला, निवाला, त्याच्यावर पुन्हा पसरला. थर आडवे बसले. मधूनमधून लाल मातीचा पट्टा दिसतो, तो दोन थरांच्या मधल्या काळातला. एका जागी उभं राहिलात तर पट्टा दिसेल आणि तुम्ही म्हणाल, छान आहे. पण डोंगराला वळसा घेत चाललात की एक गोष्ट हळूहळू अंगावर येते : इकडच्या कड्यातला थर समोरच्या डोंगरात तसाच पुढे चाललेला आहे, मधली दरी जणू नाहीच. मग कळतं की हे डोंगर कुणी उभे केलेले नाहीत. ही उरलेली जमीन आहे. पाण्याने दऱ्या खोदल्या, आणि खोदायची राहून गेली तिला आपण गड म्हणतो. मी हे शाळेत वाचलं होतं. पटलं ते चालताना, तिसऱ्या वळणावर केव्हा तरी.

साशंक : थरांचा मुद्दा मान्य. तो उपग्रहाच्या चित्रातही दिसतो, पण ते सोडा, पायांना कळण्याबद्दल मी वाद घालत नाही. माझी शंका जरा खाली आहे, गाडी लावतात तिथे. तुमच्या आधीच्या पिढीतले भटके काय करत? एसटीने शेंडीला उतरत, धरणातून होडीने किंवा काठाकाठाने पायी रतनवाडी गाठत, गडावर मुक्काम, मग कात्राबाईची खिंड ओलांडून हरिश्चंद्रगड, तिथून खिरेश्वरला उतरून खुबी फाट्यावर हात दाखवून माळशेजची एसटी धरत. त्यांची वाट सरळ होती. सह्याद्रीच्या एका खोऱ्यात शिरायचं आणि दुसऱ्यातून बाहेर पडायचं. परतीची गाडी जिथे मिळेल तिथे वाट संपायची. आता तुम्ही शनिवारी रात्री स्वतःच्या गाडीने येता. गाडी रतनवाडीत उभी, म्हणून वाट रतनवाडीला वळवावी लागते. गोल फेरीची ही सगळी भूमिती पार्किंगमधून निघाली आहे, आणि तुम्ही तिला डोंगराचं दर्शन म्हणता!

भटक्या : टोला चांगला बसला. गाडीमुळे सरळ वाटा ओस पडल्या हे खरंच आहे, आणि मुक्कामी एसटीत वाहक आणि बाजारकरी यांच्या गप्पा ऐकत जाण्यातलं जे होतं ते गेलं याचं मला दुःख आहे. पण कारण हलकं निघालं म्हणून त्यातून जन्मलेली गोष्टही हलकी असं कसं म्हणता येईल? एसटी पकडायची म्हणून जी वाट आखली, तीही वेळापत्रकानेच आखलेली होती ना? शेवटची गाडी पाचला म्हणून कात्राबाईच्या खिंडीत न थांबता धावत सुटलेल्यांच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत.

(दोघेही गाडीनेच जातात, एवढं वाचकाने लक्षात ठेवावं. आणि एसटीच्या काळाबद्दल सर्वांत हळवं बोलतात ते ज्यांनी त्या काळात फाट्यावर चार तास वाट पाहिलेली नाही.)

साशंक : ठीक, गाडी सोडून देतो. नजाऱ्याकडे येऊ. मला त्यात खरी अडचण दिसते ती नैतिक म्हणा हवं तर. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र तुम्हाला माहीत आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५च्या सुमारास त्याची नोंद केली, तेव्हापासून ते पाहायला माणसं तिथे जातात. सूर्य पाठीशी हवा, समोर दरीत ढग हवेत. मग ढगावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी गोल उमटतो. आता गंमत बघा. तिघं जण खांद्याला खांदा लावून उभे असले तरी प्रत्येकाला रंगांचं कडं दिसतं ते स्वतःच्याच डोक्याभोवती. शेजाऱ्याच्या सावलीला ते नसतं. शेजाऱ्याला विचारा, तो शपथेवर सांगेल की मधे मीच आहे.

तुमचा चहूबाजूंचा नजारा मला याच जातीचा वाटतो. माथ्यावर उभं राहून माणूस एक गिरकी घेतो. उत्तरेला कळसूबाई, दक्षिणेला आजोबा आणि कात्राबाई, पश्चिमेला कोकण, पूर्वेला धरण. सगळं त्याच्याभोवती मांडलेलं, मधे तो. त्या क्षणी साम्रद हे गाव राहत नाही, चित्राच्या तळाशी चार कौलं होऊन बसतं. १,६४६ मीटरचं कळसूबाईसुद्धा त्याच्या यादीतलं एक नाव होतं. डोंगरात जाऊन माणूस लहान होतो असं तुम्ही लोक नेहमी म्हणता. माझं निरीक्षण उलटं आहे. तो फुगतो.

भटक्या : माथ्यावरून आल्या वाटेने उतरला तर फुगतो, हे मी मान्य करेन. फुगलेला तसाच गाडीत बसतो. पण गोल वाटेवर तुम्ही ज्याला चित्राच्या तळाची कौलं म्हणालात, त्या कौलांखालून जावं लागतं. नेढ्यातून साम्रद दिसतं तेव्हा मी मधे असतो, कबूल. त्र्यंबक दरवाज्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या उतरून, खुट्ट्याच्या शेजारून, गुडघे बोलायला लागल्यावर साम्रदच्या पहिल्या घरापाशी मी पोचतो तेव्हा अंगणातली बाई विचारते, ‘वरून आलात का?’ आणि तांब्या पुढे करते. तिच्या अंगणातून मी वर पाहतो. मघाशी जिथे मी राजा होतो तिथे काहीच नाही, एक कडा आहे, त्यात नेढं आहे की नाही हे डोळे बारीक करून शोधावं लागतं. ती मला रोज असं पाहते. मला म्हणजे, मी जिथे उभा राहतो त्या जागेला. सकाळी मी पाहणारा होतो, दुपारी पाहिलेल्या जागेत उभा आहे. इंद्रवज्रात हे होत नाही. तिथे ढगात उतरून आपल्या सावलीच्या जागी उभं राहता येत नाही. गोल वाटेत येतं, आणि माझ्या मते गोल वाटेचं कारणच ते आहे.

साशंक : हे सुंदर बोललात. आता त्या अंगणातल्या बाईच्या बाजूने मी बोलतो, तिला वेळ नसेल म्हणून. ती कधी या डोंगराला वळसा घालून आली असेल? मला शंका आहे. या भागातली महादेव कोळी माणसं डोंगर ओळखतात, पण तुकड्या-तुकड्यांनी. हिरडा कुठल्या उताराला धरतो, करवंदाची जाळी कुठे लवकर पिकते, उन्हाळ्यात पाणी कुठल्या टाक्यात टिकतं, गुरं कुठवर न्यायची. त्या तुकड्यांकडे जाणारी वाट एकच असते आणि परतीची तीच. हजारदा गेलेली. तुम्ही म्हणता, आल्या वाटेने परतणाऱ्याला डोंगराची एकच बाजू कळते. पण ज्यांना डोंगर खरोखर कळतो ते त्याच वाटेने जन्मभर येतात-जातात. जाताना डोक्यावर काही नसतं, येताना मोळी असते. सकाळी दव असतं, दुपारी वाट तापलेली असते. वैशाखात ती पांढरी पडते, श्रावणात ओढा होते. एका वाटेत एवढं असतं. वर्तुळ पूर्ण करण्याची घाई त्याला असते ज्याला पुन्हा यायचं नाही. एका दिवसात सगळ्या बाजू उरकून घ्यायच्या. मे-जूनमध्ये काजवे पाहायला भंडारदऱ्याला गाड्यांच्या रांगा लागतात ना, धरणाला चक्कर मारून पहाटे परत? तुमची फेरी त्याच घराण्यातली, जरा जास्त घाम गाळणारी.

भटक्या : काजव्यांच्या झाडाखाली हेडलाइट लावून उभे राहणाऱ्यांशी माझं नातं जोडू नका, त्यांच्यावर मीच जास्त चिडतो. पण मुद्दा उरतो. मी पाहुणा आहे. हिरड्याचं झाड मला दाखवावं लागतं. पाहुण्याने यजमानासारखं ओळखण्याचा आव आणू नये, एवढं मला कळतं. मात्र पाहुण्याला दिसणारं काही यजमानाला दिसत नाही हेही आहे. नेढ्यात बसलं की एका अंगाला पडणारं पाणी प्रवरेला मिळतं. ते भंडारदऱ्याच्या जुन्या, १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणात साठतं, सुटतं, पुढे टोक्याला गोदावरीत जातं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. दुसऱ्या अंगाचं पाणी कड्यावरून कोकणात कोसळतं आणि अरबी समुद्राला मिळतं. एकाच सरीतले दोन थेंब. रतनवाडीत बसून हे दिसत नाही, साम्रदच्या शेतातूनही दिसत नाही. ते दिसतं दोन्ही अंगं ज्याच्या पायाखालून जातात त्याला. आणि ते एकदाच कळलं तरी पुरतं, हजारदा जायची गरज नाही.

एक गोष्ट तुमच्या दोन्ही आक्षेपांत सुटते. गोल वाटेला मध्य असतो. आल्या वाटेने परतणारा माणूस दमला, आभाळ भरून आलं, तर कुठल्याही क्षणी मागे वळू शकतो. जेवढा पुढे गेला तेवढं परत. गोल वाटेवर एक जागा अशी येते की तिच्यापुढे मागे वळणं पुढे जाण्यापेक्षा लांब पडतं. त्र्यंबक दरवाज्यापाशी ती साधारण येते. तिथे कुणी बोलत नाही फारसं. बुटाच्या नाड्या पुन्हा बांधतात, पाणी किती उरलं ते बघतात. त्यानंतर डोंगर आपल्याला सोडेल तेव्हा सुटायचं. हे फुगणाऱ्या माणसाचं लक्षण नाही.

साशंक : आता मला माझा हुकमी पत्ता काढू द्या. डोंगराला वळसा घालणं आपल्याकडे नवं नाही, आणि जुन्यात एक नियम होता तो तुमच्यात नाही. त्र्यंबकेश्वराला ब्रह्मगिरीची फेरी घ्या. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखांनी माणूस लोटतं. कुशावर्तात स्नान, मग चिखलातून, पावसातून, पुष्कळदा अनवाणी, रात्रभर. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरची, मोठी त्याच्या दुप्पट. किंवा नर्मदेची परिक्रमा घ्या, परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. गुजरातेत गिरनारची लीली परिक्रमा कार्तिकात, तीही डोंगर मधे ठेवून. या सगळ्यांत मधे कोण? नदी किंवा डोंगर. माणूस कडेने. त्याला मध्यात पाऊल ठेवायचं नसतं, त्यासाठीच तो कडेने चालतो. तुमच्या फेरीत माणूस गडाच्या डोक्यावर चढतो, मधे उभा राहतो, नजारे गोळा करतो आणि मग त्याला प्रदक्षिणेसारखं काही तरी म्हणतो. आकार तेवढा सारखा आहे. आतली गोष्ट बरोबर उलटी.

भटक्या : मी प्रदक्षिणा म्हटलेलं नाही, ते तुम्ही म्हणालात. पण आलंच आहे तर उत्तर देतो. पहिलं म्हणजे, श्रावणी सोमवारच्या गर्दीत सगळे मान खाली घालून चालत नसतात. नाशिकची कॉलेजातली पोरं धबधब्याखाली नाचतात, म्हाताऱ्या बायका ढगातून अंजनेरी दिसली की बोट दाखवतात, कुणी भाजी-भाकरी सोडून बसतो आणि समोरच्या कड्यावरून पडणाऱ्या पाण्याकडे बघत खातो. त्यांनाही नजारा हवाच असतो. भाविक आणि हौशी यांच्यामधली रेघ तुम्ही ओढता तितकी सरळ नाही.

दुसरं म्हणजे त्याच फेरीतली जुनी कथा. विठ्ठलपंत मुलांना घेऊन ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेले, वाटेत वाघ आला, सगळे पांगले आणि निवृत्ती चुकला. चुकून तो गहिनीनाथांच्या गुहेत शिरला आणि तिथे त्याला उपदेश मिळाला. पुढे ज्ञानेश्वरांना तो त्याच्याकडून. म्हणजे त्या वर्तुळातून जे सर्वांत मोठं निघालं, ते कडेने नियमाने चालणाऱ्याला मिळालेलं नाही. जो कड सोडून आत घुसला त्याला मिळालं. तुमच्या नियमाबद्दल डोंगराचं स्वतःचं मत काय असावं बरं?

साशंक : कथा माझ्याविरुद्ध नीट वापरलीत. पण ती पुरती सांगा. निवृत्ती मध्य पाहायला गेला नव्हता. तो जीव वाचवायला पळाला. फेरीत होता म्हणून चुकू शकला. जो मुळात वाटेल तिकडे जातो त्याला चुकायला जागा कुठली? तुमच्याकडे मोबाइलमध्ये आखलेली वाट असते, दर वळणावर निळा ठिपका सांगतो की तुम्ही बरोबर आहात. वाघ आला तरी ठिपका तुम्हाला गुहेत जाऊ देणार नाही.

भटक्या : ठिपक्याचं खरं आहे. वाटाड्या घेतला तर तो कधी म्हणतो, इकडून जाऊ, आज तिकडे पाणी आहे. ठिपका असं म्हणत नाही. पण नियमाबद्दल मला एक विचारायचं आहे, आणि हे जिंकण्यासाठी विचारत नाही. शतकानुशतकं लोकांनी ब्रह्मगिरी मधे ठेवला, कडेने चालले. मग २०२१ मध्ये त्याच ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडला जातोय म्हणून नाशिकच्या लोकांना ओरड करावी लागली. मध्यात पाऊल न ठेवण्याचा नियम असूनसुद्धा जेसीबी पोचलाच. ज्या डोंगराला कुणी उजव्या हाताला ठेवत नाही त्याचं एक वेळ समजतं. पण ज्याला लाखो लोक ठेवतात?

साशंक : कारण नियम चालणाऱ्यांसाठी होता, जमिनीच्या मालकांसाठी नव्हता. हे मला बोचतं, नाही म्हणणार नाही. माझा नियम दुबळा निघाला. तुमच्या बाजूला तर नियमच नाही. एक साधं विचारतो. रतनवाडी, गड, साम्रद, पुन्हा रतनवाडी. ही तुमची फेरी कागदावर काढा. तिच्या पोटात काय येतं?

भटक्या : पोटात? उतार येतो, जंगल येतं, दोन-चार ओढे. कारवी दाट आहे. तिथे वाट नाही. अभयारण्याची हद्द आहे, शिवाय चढही वाकडा. आम्ही त्याच्याभोवतीच जातो... थांबा. म्हणजे तुमच्या हिशेबाने आमचीही फेरी काही तरी मधे ठेवून, न तुडवताच पुरी होते.

साशंक : होते. गड तुमच्या वर्तुळाच्या मधे नाहीच, तो कडेवर आहे. तुम्ही कडेवरच्या एका उंच जागी उभे राहून स्वतःला मध्य समजता, आणि खरा मध्य त्या वेळी तुमच्या पायांखाली, कारवीत, न पाहिलेला असतो. नजाऱ्याच्या यादीत तो नसतो. आता सांगा, उद्या वन खात्याने त्यातून पायवाट काढली, चांगले दगड बसवले, तासभर वाचला, तर तुम्ही जाल की नाही?

भटक्या : जाईन. खोटं का बोलू? एकदा तरी जाईन.

साशंक : मग तो मध्य तुम्ही ठेवला नाही. तो राहिला आहे.

भटक्या : आणि ब्रह्मगिरीला ठेवला होता तो राहिला नाही. तुम्हाला कुठलं चालेल, ते तुम्हीच सांगा. मला तर अजून हेही ठरवता येत नाहीये की पुढच्या खेपेला त्या कारवीकडे वरून पाहताना मी काय म्हणायचं.

साशंक : मला विचारू नका. मी आल्या वाटेने उतरणारा माणूस. पण कधी जाताय ते कळवा.